दाराआडची कवळी

गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे बत्तीशीकाका म्हणत, आणि त्यांच्या बायकोला, ओघानंच, काकू.

काकांनी चाळीस वर्षं कवळ्या केल्या. दात काढायचं काम डॉक्टरांचं, कवळी तोंडात बसवायचं कामही डॉक्टरांचं. मधलं सगळं काकांचं. डॉक्टर जबड्याचं माप घेऊन पाठवत. काका त्या मापात प्लास्टर ओतत, पांढरा जबडा हातात आला की त्यावर मेणाची हिरडी चढवत, मेणात एकेक दात रोवत, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक दाबून भरून, पितळी डब्यात बंद करून उकळत ठेवत. दुपारी काकू तयार कवळ्या पुसून छोट्या डब्यांत घालत, छापील सूचनांची चिठ्ठी आत सरकवत, वरून दोरा बांधत.

उकळायचं काम घरातच चाले. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुणाची तरी बत्तीशी. एखादा पाहुणा सहज विचारायचा, "काय वहिनी, आज काय शिजतंय?" तर काकू मान वर न करता सांगायच्या, "हेडमास्तरांचे दात. थांबता का जेवायला?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर अशा हसायच्या की पलीकडच्या घरातलं माणूस काही न कळता हसू लागायचं.

आठ वर्षांपूर्वी काकांच्या हाताला कंप सुटला. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग काकूंना, आणि सगळ्यांत शेवटी काकांना. त्यांनी काम थांबवलं. पण पुढच्या खोलीत खिडकीखालचं टेबल होतं तिथंच राहिलं. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कापायच्या सुऱ्या, एक बारीक कानस, आणि वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, धुळीनं पिवळे पडलेले.

लेक आली की म्हणायची, "बाबा, हे टाका आता. नवा माणूस घरात आला तर घाबरेल."

"घाबरायचं काय त्यात? सगळी ओळखीची माणसं आहेत," काका म्हणायचे. "अर्ध्यांना तर आम्ही पोचवून आलो. तोंड तेवढं मागं राहिलंय."

त्या फळीच्या टोकाला एक जबडा रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. तो काकांशिवाय कुणी उघडून पाहिला नव्हता.

तर सगळं सुरू झालं ते काकूंच्या हसण्यावरून. लेकीच्या घरी जेवण झालं होतं. लेक आपल्या साहेबाची नक्कल करत होती: तो फोनवर वरिष्ठांशी बोलताना खुर्चीतून कसा अर्धा उठतो, आणि फोन ठेवला की कसा पुन्हा फुगतो. काकूंना हसू आवरेना. तेवढ्यात वरची कवळी सुटून खालच्या दातांवर आपटली. टक्. एवढाच आवाज. काकूंनी तोंड मिटलं. कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. परतीच्या वाटेवर बसमध्ये त्या तोंडावर हात ठेवून बसल्या. त्या दिवसापासून त्या नाकातून हसू लागल्या. नाकातून हसणं म्हणजे सर्दी झाल्यासारखंच ते. घर एकाएकी मोठं वाटायला लागलं.

हसण्याविना गेलेले दिवस काका मनात मोजत होते. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. ती सांगायची तर सत्तावीस वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा काकू ऐन चाळिशीत होत्या. हिरड्यांच्या दुखण्यानं वरचे दात हलायला लागले. खालचे मात्र धड राहिले. काका ज्यांच्याकडचं काम करत ते डॉक्टर म्हणाले, वरचे सगळे काढावे लागतील. काकू घरी आल्या आणि आतल्या खोलीत दार लावून बसल्या.

"चाळिशीत तोंडाचं बोळकं! आणि तेही तुमच्यासमोर!" दाराआडून आवाज आला.

"अगं, मी दिवसभर बोळकीच बघतो की."

"म्हणूनच. त्या ओळीत मला बसायचं नाही."

यावर काकांनी तोड काढली. दात तोंडात असतानाच माप घेतलं आणि त्यातून दोन जबडे ओतले. एका जबड्यावरचे दात सुरीनं एकेक करून कापले. प्लास्टरचेच ते, पण कापताना काका दर खेपेला थांबत. मग त्या जबड्यावर कवळी तयार केली. काकूंचा सुळ्याशेजारचा एक दात जरा तिरका होता, शेजारच्यावर चढलेला. हसल्या की तो आधी पुढं यायचा. काकांनी कवळीतही तो तसाच तिरका लावला.

डॉक्टर म्हणाले, "अरे, लोक हट्ट करून सरळ दात लावून घेतात. आणि तू हे काय केलंस?"

"लोकांचे लावतो की सरळ," काका म्हणाले. "ही काय लोकांतली आहे?"

ठरल्या सकाळी डॉक्टरांनी दात काढले आणि त्याच बैठकीत कवळी बसवली. काकू दातांनिशी आत गेल्या, दातांनिशी बाहेर आल्या. निघताना डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. "पहिले चोवीस तास काढू देऊ नकोस. सूज आली तर परत बसायची नाही. पुढचं तुला ठाऊकच आहे."

पुढचं म्हणजे रोज रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. हिरडीला विसावा हवा. नाहीतर रात्रंदिवसाच्या दाबानं खालचं हाड झिजत जातं. काका हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी बजावत, आणि डबीतल्या चिठ्ठीतही तेच छापलेलं असे. पण घरच्या माणसाला कसली डबी आणि कसली चिठ्ठी?

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "आज काढायची नाही ना?"

"नाही."

"आणि उद्या?"

काकांनी बायकोच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं. काकू बोलता बोलता ओठांवर बोट ठेवत होत्या, दात जागेवर आहेत ना हे चाचपत. काका म्हणाले, "उद्याही नको. कधीच नको काढूस."

"म्हणजे तुम्हाला कधी दिसणारच नाही?"

"कधीच नाही."

काकू हसल्या आणि तो तिरका दात पुढं आला. काकांना वाटलं, आपण बायकोला अंगावरचा दागिना घडवून दिला. तर असे ते चोवीस तास, सत्तावीस वर्षं चालले.

काकू कवळी धुवायच्या तीसुद्धा न्हाणीघराचं दार लावून. हाड झिजत गेलं तशी कवळी सैल होई, आणि दर दोनतीन वर्षांनी काका तिला आतून नवं अस्तर लावत. त्याची घरात एक रीतच पडून गेली होती. मापाचा लगदा भरलेली कवळी काका दाराच्या फटीतून आत देत आणि बाहेरून सूचना करत.

"बसव नीट. आता दात मिट."

"ऊं."

"शंभर मोज."

"ऊं."

"हळू मोज. तू घाईनं मोजतेस. मागल्या खेपेला सत्तरलाच उघडलं होतंस तोंड."

"ऊं!" हे शेवटचं ऊं रागाचं असे.

मग रुमालात गुंडाळलेली कवळी फटीतून बाहेर येई. काम होईपर्यंत काकू आत मासिक वाचत बसत. लेकीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या घरी आई अशीच अधूनमधून दार लावून बसते आणि बाबा दाराशी बोलतात. काकांना तर ती दुपार आवडायची. माणूस दिसत नसलं की बोलणं वाढतं. दाराला पाठ टेकून कानस चालवता चालवता त्यांनी बायकोशी जेवढ्या गप्पा मारल्या, तेवढ्या समोरासमोर कधी मारल्या नसतील.

पण आता अस्तरानं भागण्यासारखं राहिलं नव्हतं. लेक दोघांना दवाखान्यात घेऊन गेली. जुने डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी बसत होती. जबड्याची शस्त्रक्रिया करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं लोक म्हणत. तिनं स्कॅन काढला आणि पडद्यावर दाखवला.

"काका, तुम्हाला काय समजावून सांगायचं? तुम्हीच बघा."

काकांनी पाहिलं, आणि लगेच चष्मा पुसायला काढला. वरच्या जबड्यात, दाढांच्या जागी, हाडाची एक रेघ तेवढी उरली होती. तिच्यावर नाकाशेजारची पोकळी खाली उतरून बसलेली.

"पक्के दात बसवायचे तर हाडात स्क्रू रोवायला हवेत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यांना दहा मिलिमीटर हाड लागतं. इथं दोन आहे. वाळूत खुंटी ठोकल्यासारखं होईल. म्हणून आधी जमीन तयार करायची."

तिनं खणातून एक अंडं काढलं. त्याच्या कवचाला बाजूनं नखाएवढी खिडकी कोरलेली होती. आतला पापुद्रा शाबूत होता. तिनं बारीक दांडीनं तो हळूच आत ढकलला. तो दबला, पण फाटला नाही.

"काकू, तुमच्या जबड्यात हेच करायचंय. हाडाला बाजूनं खिडकी. आत असाच पापुद्रा असतो. तो वर उचलायचा आणि खाली झालेल्या जागेत हाडाचे दाणे भरायचे. सहाएक महिन्यांत ते मुरून पक्कं हाड होतं. मग स्क्रू, मग दात. कितीही हसा, पडायचे नाहीत."

काकू अंड्याकडं बघत होत्या. "अशी किती फोडलीस शिकताना?"

"दोनशे तरी."

"अगंबाई! मग खाल्ली कुणी?"

"बाबांनी. सहा महिने रोज आम्लेट. शेवटी म्हणाले, मुली, तू पास हो नाहीतर मी जातो."

काकू नाकातून हसल्या. डॉक्टरीणबाईनं ते टिपलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "कवळी रात्री काढून ठेवता ना काकू?"

काका फरशीच्या रेघा बघू लागले.

"काढते की," काकू म्हणाल्या.

"हाड तर तसं म्हणत नाही," ती हळूच म्हणाली, आणि विषय तिनंच सोडून दिला. "एक पथ्य मात्र कडक आहे. शस्त्रक्रियेनंतर चौदा दिवस कवळी तोंडात घालायची नाही. दाणे दाबले तर सगळं वाया जाईल. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड चांगलं उघडून शिंकायचं, नाहीतर दाबानं पापुद्रा फाटेल."

"चौदा दिवस?" काकूंनी पर्स उचलली. "मग राहू दे. जे आहे ते बरं आहे."

लेकीनं हात धरून त्यांना खाली बसवलं. समजावलं, चिडली, पुन्हा समजावलं. शेवटी तोडगा निघाला: चौदा दिवस काकूंनी लेकीकडं राहायचं. काकांनी आपल्या घरी. "पंधराव्या दिवशी आई दात घालून तुमच्यासमोर हजर. झालं?"

"झालं," काकू म्हणाल्या.

"उत्तम," काका म्हणाले. मनात मात्र त्यांना आपल्याच घरातून उठवल्यासारखं झालं. दुखणं आपण दिलं, आणि त्याचे दिवस काढायला तेवढं आपल्याला बोलावणं नाही.

निघता निघता डॉक्टरीणबाई म्हणाली, "आणखी एक. कवळीची हुबेहूब पारदर्शक नक्कल लागेल. ती तोंडात ठेवून उद्या दहाला पुन्हा स्कॅन करू. नवे दात कुठं येणार हे दिसलं, की हाड कुठं भरायचं ते मला कळेल. पुढं पक्के दातही त्याच बेतानं होतील. मी मशीनवर करून घेते, ते दात ओळीत सरळ करून देतात."

"सरळ?" काका थांबले. "मी करतो नक्कल."

तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. हात गुडघ्यांवर होते, आणि गुडघ्यांवरही थरथरत होते. "काका, अहो..."

"उद्या दहाला आणतो. मापाची पावडर तेवढी दे."

पुडीत चार वेळची पावडर निघाली. दुपारी काकू आतल्या खोलीत गेल्या, दार लागलं, फट उघडली, रुमाल बाहेर आला. जुन्या रीतीप्रमाणं सगळं. काकांनी नक्कल करायला साबणाची एक मोठी डबी घेतली होती. डबीच्या खालच्या भागात लगदा भरायचा, त्यात कवळी दाबायची, तो घट्ट झाला की वरच्या झाकणात लगदा भरून मिटायचं. उघडून कवळी काढली की आत तिच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात पातळ प्लास्टिक ओतायचं. पूर्वी हे काम ते गप्पा मारता मारता करत.

पहिल्या खेपेला हात हलला आणि एकेका दाताचे दोन दोन ठसे उमटले. दुसऱ्या खेपेला त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं आवळून धरलं, तर दोन्ही हात मिळून थरथरले. लगदा दोन मिनिटांत घट्ट होतो. तो कुणाची वाट बघत नाही. काकांनी दुसरा ठसाही कचऱ्यात टाकला आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"अगं."

"झालं?" दात नसलेला आवाज मऊ होऊन येत होता. काकांना तो दाराआडून ओळखीचा होता.

"दोनदा फसलं. हात थरथरतो. कुणीतरी कवळी धरायला हवी."

"लेकीला बोलवा."

"ती सातला सुटते. प्लास्टिकला घट्ट व्हायला रात्र जाते. उशीर होईल."

"मग शेजारणीला बोलवा."

"ती कवळी धरेल. तिचं तोंड कोण धरणार? अंधार पडायच्या आत गल्लीभर होईल."

"जाऊ दे ना. त्या मशीनवाल्यांना करू दे. सरळ तर सरळ."

"मला सरळ नकोत."

"तुम्हाला नकोत म्हणजे? दात कुणाचे?"

"तुझेच. म्हणून तर."

काका टेबलाशी गेले. फळीच्या टोकाचा रुमाल उतरवला, सोडला, आणि आतला जबडा फटीतून आत दिला. इतकी वर्षं त्या फटीतून कवळ्या आल्या-गेल्या होत्या; प्लास्टरचा जबडा कधी गेला नव्हता.

काकूंनी तो उजेडाकडं धरला असणार, कारण खिडकीचा पडदा सरकल्याचा आवाज आला. त्यात त्यांचे स्वतःचे दात होते. सगळे. सुळ्याशेजारचा तिरका, पुढच्याचा उडालेला टवका, लहानपणी पायरीवर आपटल्याचा.

"हा कधीचा?"

"काढायच्या आधल्या दिवशीचा. दोन ओतले होते. एक कापला. हा नाही कापवला."

कडी वाजली आणि दार उघडलं. पूर्ण. काकू एका हातात जबडा आणि दुसऱ्या हातानं तोंडावर रुमाल धरून बाहेर आल्या. काकांकडं न बघता टेबलाशी बसल्या.

"सांगा काय करायचं ते."

काकांनी उरलेल्यातली अर्धी पावडर पाण्यात घातली आणि फेटली. फेटायला थरथरता हात चालतो. लगदा डबीत ओतला. "आता कवळी घे. सपाट दाब. दोन्ही हात लागतील."

काकू थांबल्या. लगदा थांबणार नव्हता. त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला, मान खिडकीकडं वळवली आणि कवळी दोन्ही हातांनी दाबली. अंगठे अगदी स्थिर.

"बघू नका."

"नाही बघत. बुडबुडा बघतोय. कडेला एक आहे, जरा डावीकडं दाब. हां. आता हलू नकोस."

काकांचं नाक डबीला टेकायला आलं होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. अर्धं मिनिट गेलं असेल.

"अहो," काकू म्हणाल्या.

"हं."

"बघायचं तर बघा आता."

"थांब, घट्ट व्हायचंय अजून."

काकूंनी मान वळवली आणि नवऱ्याच्या टकलाकडं पाहत राहिल्या. "सत्तावीस वर्षं दारं लावून बसले मी," त्या म्हणाल्या, "आणि आता स्वतः बघा म्हणतेय, तर हे बुडबुडे बघतायत!" आणि हसू फुटलं. नाकातलं नव्हे, जुनं, मोठं, पलीकडच्या घरात जाणारं.

"हलू नकोस! हलू नकोस!" काका ओरडले, आणि ओरडताना त्यांनी वर पाहिलं.

ओठ आत गेले होते. गाल बसले होते. चेहरा मुठीएवढा झाला होता, आणि त्यात डोळे तेवढे मोठे, हसून पाण्यानं भरलेले. काकांनी हजार बोळकी पाहिली असतील. त्यांच्याकडं ते माप म्हणून बघत. हे पहिलंच होतं की ज्यात त्यांना मापाचं काही सुचलं नाही. अंगठे मात्र काकूंनी तसूभर हलू दिले नव्हते.

ठसा उत्तम निघाला. झाकणाकडचा भागही काकूंनीच धरला. कवळी मोकळी झाली, काकांनी ती धुऊन त्यांच्यासमोर ठेवली. काकूंनी लगेच घातली नाही. पातळ प्लास्टिक पोकळीत उतरत होतं, काकू डबी तिरकी धरून होत्या, आणि काकांनी एकदाचं बोलून टाकलं.

"ते हाड माझ्यामुळं गेलं. रात्री काढून ठेवायची असते. सगळ्या जगाला सांगत आलो. तुला नाही सांगितलं."

काकूंनी डबी हळूच टेबलावर टेकवली. "तुमच्या त्या डब्या कोण भरायचं?"

"तू."

"आणि चिठ्ठ्यांच्या घड्या?"

काका टेबलावरची कानस उचलून पुन्हा तिथंच ठेवू लागले.

"'रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. हिरडीस विश्रांती द्यावी.' पाठ आहे मला. झोपेतून उठवून विचारा." शब्द मऊ होऊन येत होते, पण एकेक शब्द काकांना लख्ख कळत होता.

"मग काढली का नाहीस?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, कधीच काढू नकोस. इतकं खुशीत येऊन म्हणालात, की मला चिठ्ठी दाखवावीशी वाटली नाही. आणि खरं सांगू? मला तेच हवं होतं." त्यांनी कवळी हातात घेऊन पाहिली. "ते हाड दोघांनी मिळून खाल्लंय. एकट्याच्या नावावर घेऊ नका."

चाळीस वर्षं ज्या हातांनी चिठ्ठ्या भरल्या, त्या हातांच्या माणसानं त्या वाचल्याही असतील, हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

सकाळी डबी उघडली. बर्फाची असावी तशी कवळी निघाली, आरपार दिसणारी. दहा वाजता डॉक्टरीणबाईनं ती दिव्यासमोर धरली, आणि तिचं बोट त्या एका दातावर थांबलं.

"हा...?"

"तो तसाच," काका आणि काकू एकदम म्हणाले.

आठवड्यानं शस्त्रक्रिया झाली. काका बाहेर बाकावर बसले होते. आत बारीक गरगर चालू होती. ती थांबली की त्यांना वाटे पापुद्रा फाटला, चालू झाली की वाटे आता फाटेल. लेकीनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते. दोन तासांनी डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत आली. "दोन्हीकडचा पापुद्रा शाबूत आहे, काका. दाणे पोटभर बसलेत."

काकू सुजलेल्या गालांनी, ओठ मिटून बाहेर आल्या. लेकीनं त्यांची पिशवी उचलली. "चल आई, गाडी उभी आहे. तुझी खोली लावून ठेवलीय."

काकूंनी मान हलवली. बोलायची मनाई होती. त्यांनी काकांच्या बाहीला धरलं आणि दुसऱ्या हातानं आपल्या घराची दिशा दाखवली.

"अगं, पण ठरलं होतं ना! चौदा दिवस तू माझ्याकडं..."

काकूंनी पुन्हा बोट दाखवलं, जरा जोरात.

ते चौदा दिवस घरातलं एकही दार लागलं नाही. काका सगळं पातळ करून, कोमट करून वाटीत घालून देत, आणि थरथरत्या हातानं आणताना अर्धं बशीत सांडत. शिंक येताना दिसली की उठून ओरडत, "तोंड उघड! मोठं उघड!" आणि काकू तोंड उघडून अशी शिंक देत की टेबलावरच्या जबड्यांची धूळ उडावी. बोलायची परवानगी मिळाल्यावर दोघं खिडकीशी बसून गप्पा मारू लागले, दाराआडून मारायचे तशा. काकांना वाटलं होतं, दार मध्ये नसलं की बोलणं आटेल. ते काही आटलं नाही.

पंधराव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरीणबाईनं कवळीला आतून मऊ अस्तर लावून दिलं. "आता घाला. पण दिवसाच. रात्री?"

"पाण्यात," काकू म्हणाल्या. "हिरडीस विश्रांती द्यावी."

घरी आल्यावर काकू फडकं घेऊन फळीवरचे जबडे पुसायला लागल्या. हे हेडमास्तर, ही ती कोपऱ्यावरची शिंपीणबाई, हे कोण बरं? स्वतःचा जबडा त्यांनी रुमालात न गुंडाळता त्याच ओळीत ठेवला, हेडमास्तरांच्या शेजारी. काकांनी कवळी धुऊन वाटीत घालून पुढं केली. वाटी किणकिणत होती.

"घे. घाल आता."

काकूंनी वाटीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "ठेवा तिथं. एवढी घाई कसली? चोवीस तासांनी बघू."

आणि हसल्या, मोठ्यानं. पडायला तोंडात काही नव्हतंच.